हरणं वर बघत नाहीत

१

ऑर्लिनला पक्षाघाताचा झटका आला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तळघरातल्या फ्रीजरमधलं हरणाच्या मांसाचं शेवटचं पुडकं संपलं. मी ते कांदे-बटाट्यांबरोबर मंद आचेवर शिजवलं, दोघांनी निवांत खाल्लं, आणि मी भांडी विसळत असताना तो मागून म्हणाला, "म्हणजे आता दुकानातली कोंबडी."

"कोंबडीला काय झालं?"

"काही नाही. बिचारी चांगली असते. फक्त चव विसरून येते घरी."

बोलताना त्याचा ओठ अजून एका बाजूला ओघळायचा. डावा हात मांडीवर काढून ठेवलेल्या हातमोज्यासारखा पडलेला असायचा. सगळा दिवस तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून असे. त्या खिडकीतून आमचं सोयाबीनचं शेत दिसतं, आणि शेताच्या पश्चिमेच्या टोकाला, कुंपणावर, एकटा ओक. त्याच्या पलीकडे टेकाड एकदम खाली उतरतं, त्यामुळे झाडामागे नुसतं आभाळ असतं. ओकला ऑर्लिनने शिडीची मचाण बांधलेली होती. शिडी चढून गेलं की वर एक लोखंडी बैठक, पुढे आडवी दांडी. दरवर्षी तो तिथूनच हरीण मारायचा, आणि गेल्या नोव्हेंबरात मला सापडला तोही तिथेच. शिडीच्या पायथ्याशी, बुंध्याला टेकून, मान खाली घालून बसलेला.

इतक्या वर्षांच्या संसारात मी हरणं सोलली होती, कापली होती, सॉसेजं भरली होती. मारलं मात्र एकही नव्हतं. ते काम त्याचं. पण त्या दिवशी त्याने कोंबडीचं म्हटलं आणि पुन्हा खिडकीकडे तोंड फिरवलं, तेव्हा मला वाटलं, हा माणूस असाच बघत बघत संपून जाईल.

हात पुसत मी म्हटलं, "मला शिकव."

"काय?"

"तुझा क्रॉसबो चालवायला."

तो हसला. झटक्यानंतर पहिल्यांदाच पोटातून हसला. "तू? आर्डिस, तुला उंदीर मारायला मांजर लागते."

"मांजर मेली ना. आता राहिले मी."

२

शिकारीच्या परवान्याआधी सरकारी वर्ग करावा लागतो. तो आमच्या गावच्या अग्निशमन केंद्रात भरायचा. वर्गात सगळी बारा-तेरा वर्षांची पोरं, आणि मागच्या रांगेत चष्मा लावलेली मी. परीक्षेत पास झाले तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन सांगितलं, तर ऑर्लिन म्हणाला, "छान. आता खरं शिक."

अंगणात त्याची घडीची खुर्ची मांडली, समोर फोमचा ठोकळा ठेवला आणि शिकवणी सुरू झाली. क्रॉसबो म्हणजे बंदुकीच्या दस्त्यावर आडवं बसवलेलं धनुष्य. पुढच्या कडीत पाऊल रोवायचं, दोरीच्या दोन मुठी धरायच्या आणि कमरेपासून सरळ होत तार मागे ओढायची. खट् असा आवाज आला की तार अडकली. मग बाण खोबणीत ठेवायचा, वेगळ्या रंगाचं पीस खाली करून. पहिल्या दिवशी मला तार अर्ध्यापर्यंतसुद्धा आली नाही.

"गाईचं दूध काढत नाहीयेस, ओढ!" तो खुर्चीतून ओरडायचा. "पाठीने नको, पायांनी! आणि अंगठा! अंगठा खाली घे, नाहीतर तार सुटताना घेऊन जाईल. मग आपल्या दोघांचा मिळून एकच धड हात उरेल."

"तोंड तरी धड आहे तुझं."

"अर्धंच आहे. तरी तुला पुरतंय."

आमचा शेजारी गेलन दुधाचा टँकर भरून निघाला की आमच्या फाटकाशी गाडी थांबवायचा. "ऑर्लिन, बायकोच्या हातात हत्यार देतोस? विमा-बिमा उतरवलायस ना?"

"तिचा नेम बघ आधी," ऑर्लिन म्हणायचा, "मग तुझा उतरव."

सप्टेंबर सरेपर्यंत माझे बाण ठोकळ्यात बशीएवढ्या जागेत लागायला लागले. ऑर्लिन मला कागदावर हरीण काढून दाखवायचा. पुढच्या पायाच्या मागे, खांद्याच्या जरा खाली बोट टेकवायचा. "इथे. आणि लागलं की धावत सुटायचं नाही. थांबायचं. त्याला शांतपणे खाली बसू द्यायचं."

कधी त्याचे शब्द घसरायचे. चमच्याला तो किल्ली म्हणायचा, खिडकीला पाणी. मी दुरुस्त करायची नाही. नेमाचं बोलताना मात्र त्याचा एकही शब्द चुकत नसे.

मचाणीविषयी त्याने एवढंच सांगितलं, "वर बसलेल्या माणसाला भीती नाही. हरणं वर बघत नाहीत. त्यांचा वैरी जमिनीवरून येतो, त्यामुळे ती सवयच नाही त्यांना. तू हललीस तरच बघतील."

३

ऑक्टोबरात सोयाबीन काढून झालं. शेतात धसकटं आणि सांडलेले दाणे राहिले. दिवस ढगाळ होते. दुपार कलली की मी अंगावर मळकट हिरवे कपडे चढवायची, पडू नये म्हणून कमरेला पट्टा बांधायची आणि शेत ओलांडून ओककडे जायची. आधी क्रॉसबो दोरीला बांधून खाली ठेवायचा, मग शिडी चढायची, पट्टा झाडाला अडकवायचा आणि नंतर दोरीने क्रॉसबो वर ओढून घ्यायचा. अंधार पडायच्या आत हेच सगळं उलट.

पहिल्या काही दिवसांत खारी आल्या, टर्की पक्षी आले आणि सर्दी आली. मला ते बसणं आवडायला लागलं होतं, हे मात्र खरं. काहीही न करता बसायची परवानगी मला आयुष्यात कुणी दिली नव्हती. घराकडे तोंड करून मी बसायची. दूरवर आमच्या खिडकीत ऑर्लिनचा ठिपका दिसायचा. तोही माझ्याकडेच बघत असणार.

मग एका संध्याकाळी उत्तरेच्या घळीतून हरणं वर आली. दोन माद्या, मागे त्यांची वाढलेली पिल्लं. माझ्या कानांत रक्त धपधपायला लागलं. पुढची मादी दाणे टिपत टिपत जवळ येत होती. मी हळूच क्रॉसबो दांडीवर टेकवला.

तिने डोकं वर केलं आणि झाडाकडे बघितलं.

मी गोठले. वाटलं, मी हलले, संपलं. आता ती पाय आपटेल, शेपटी उभारून पळेल. पण ती पळाली नाही. नुसती बघत राहिली. मग दुसरीनेही बघितलं. मग पिल्लांनी. चौघंही मान वर करून स्तब्ध, आणि मग चौघंही पुन्हा खाली मान घालून चरायला लागली. जरा वेळाने पुन्हा तसंच.

क्रॉसबोवरच्या दुर्बिणीच्या काचेतून मी मादीच्या डोळ्यांकडे बघितलं. हरणाने आपल्याला बघितलं की कळतं, काचेतून नजर थेट येऊन भिडते. हिची नजर भिडत नव्हती. ती माझ्या डोक्यावरून जात होती. माझ्या टोपीच्या वर, झाडात कुठेतरी.

वर खारीचं घरटं असेल, मी मनाशी म्हटलं. किंवा घुबड.

त्या दिवशी मी बाण सोडला नाही. उतरले, घरी गेले आणि ऑर्लिनला म्हटलं, "आली होती, पण लांब होती."

४

वाऱ्याच्या दोन दिवसांनी ओकची बहुतेक पानं झडवली. काही तपकिरी पानं चिकटून राहतात, तेवढी उरली. मी शेत ओलांडून जाताना दुरूनच झाड नीट न्याहाळायची. फांद्या, आभाळ, रिकामी बैठक. घरटं नव्हतं. घुबडही नव्हतं. बुंध्याशी जाऊन वर बघितलं, तरी तेच. समाधान झालं, आणि मी चढले.

बसल्यावर मात्र ते ऐकू यायला लागलं.

आवाज म्हणावा इतका तो आवाजही नव्हता. लाकडावर वजन पडून लाकूड कुरकुरतं तसं, अगदी हलकं. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, तसंच, तेवढंच. मचाणीचे पट्टे ढिले झाले असतील, असं मला वाटलं. खाली उतरून ते आवळले आणि परत चढले. वारा पडलेला होता. शेतातलं एक पातंही हलत नव्हतं. आणि कुरकुर आली. मग ती मोठी, शांत फट. मग कुरकुर.

किती तरी वेळ मी त्या फटी ऐकत बसले. त्या सगळ्या सारख्याच लांबीच्या होत्या.

माझ्या खांद्यावर सालीचा एक कपचा पडला. ओल्या सालीचा, आतल्या बाजूने ताजा. झाडं साल टाकतात. थंडी पडली की लाकूड आकसतं आणि वाजतं, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. हे सगळं मला ठाऊक होतं आणि मी ते स्वतःला एकेक करून सांगत होते. पण सांगताना माझी मान अशी ताठ झाली होती, की वर बघायचं तर सोडाच, मला बाजूलाही वळवता येत नव्हती. कुणी बघू नकोस असं म्हटलं नव्हतं. मलाच बघायचं नव्हतं.

हरणं आली, त्याच माद्या. या वेळी त्यांनी मान पूर्वीइतकी वर केली नाही. मला वाटलं, ती माझ्या चेहऱ्याकडे बघतायत. पण नाही. माझ्या टोपीच्या जरा वर.

त्या संध्याकाळी उतरताना माझा पाय शिडीवर घसरला. मी पडले नाही. पण खाली पोचल्यावर माझ्या लक्षात आलं, की सगळी शिडी मी डोळे मिटून उतरले होते.

५

"तुला एक विचारू?" मी ऑर्लिनच्या पुढ्यात सूपचा वाडगा ठेवत म्हटलं. "हरणं खरंच कधी वर बघत नाहीत?"

तो चमचा उचलत होता. थांबला.

मी हसतच सांगायला लागले. माझ्या मुली, म्हणजे त्या माद्या, लाजऱ्या आहेत, माझ्याकडे बघतच नाहीत, माझ्या डोक्यावर काय आहे कोण जाणे, तिकडेच बघतात. त्याने मला मध्येच विचारलं, "किती वर?"

"काय किती वर?"

"तुझ्या डोक्याच्या किती वर बघतात?"

मी हात वर करून दाखवला. वीतभर असेल.

ऑर्लिनने चमचा खाली ठेवला. अगदी हळू, आवाज होऊ न देता. "माझ्या वेळी शेंड्याकडे बघायची," तो म्हणाला. "सुरुवातीला. पार शेंड्याकडे."

बाहेर गेलनचा टँकर गेला. खिडकीची काच थरथरून शांत झाली.

"काय असतं तिथे?"

"मला वाटायचं, घरटं."

"ऑर्लिन."

"एवढ्या वर्षांत माणूस स्वतःला काय काय सांगतो, आर्डिस. पानं आहेत. वारा आहे. मी तिथून दरवर्षी हरीण आणत होतो, मला कुणी काही केलं नाही. दरवर्षी त्यांची नजर जरा खाली. मग त्या दिवशी सगळी एकदम बघायला लागली, अगदी माझ्या टोपीवर, आणि मी..." त्याने चांगला हात मानेमागे नेला आणि तिथेच ठेवला. "मी वर बघितलं."

मला ला क्रॉसच्या इस्पितळातला तो तरुण डॉक्टर आठवला. ऑर्लिनच्या मानेतली एक रक्तवाहिनी आतून फाटली होती. यांनी मान एकदम मागे टाकली होती का, असं त्याने विचारलं होतं. छताला रंग देताना होतं कधी कधी, न्हाव्याच्या खुर्चीतही होतं. मी म्हटलं होतं, माहीत नाही.

"म्हणजे तुझी मान अवघडली," मी म्हटलं. "तेवढंच. डॉक्टर म्हणाला ना."

"हो."

"आणि तू मला तिथे पाठवलंस."

"वाटलं, माझ्यापुरतं असेल ते." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण झटक्यापासून ते कशानेही येत असे. "तू नेम धरायला लागलीस, हसायला लागलीस. मला वाटलं, तू गेलीस आणि तुला काहीच दिसलं नाही, तर मग मीच वेडा. वेडा असलो तर बरंच की."

मी चिडले. नवऱ्यावर जितकं चिडता येतं तितकी चिडले, सिंकमध्ये भांडी आपटली. पण आत कुठेतरी मला हायसंही वाटलं, कारण चमच्याला किल्ली म्हणणारा माणूस हे सांगत होता. त्याचा मेंदू दुखावला होता. रात्र रात्र तो जागा का असतो, हे आता मला कळलं. ही भीती त्याच्या डोक्यातून काढायची असेल, तर एकच उपाय होता. तिथूनच हरीण आणायचं, त्याच्यासमोर टाकायचं आणि म्हणायचं, बघ, काही नाही.

दुसऱ्या दिवशी मी बूट घालत होते तेव्हा तो खिडकीकडे तोंड करूनच म्हणाला, "मी नको म्हटलं तर ऐकणार आहेस?"

"नाही."

"मग वर बघू नकोस. काही झालं तरी. आणि आवाज करू नकोस."

६

कित्येक दिवसांनी आभाळ निवळलं होतं. मी चढून बसले तेव्हा ऊन माझ्या पाठीवर होतं आणि शेत सोनेरी दिसत होतं. हवा इतकी स्वच्छ, की खिडकीतल्या ऑर्लिनच्या ठिपक्याला मला हात हलवून दाखवता आला असता. कुरकुर आली नाही. मी ती ऐकायचा प्रयत्न करत होते, आणि ती आली नाही. मला हसू आलं.

मादी एकटीच आली. घळीच्या काठावर क्षणभर उभी राहिली, मग सरळ शेतात. तिने मान खाली घातली ती उचललीच नाही. खात खात तिने अंगाची बाजू माझ्याकडे केली. मी काचेतलं त्या अंतरासाठीचं दुसरं वर्तुळ तिच्या पुढच्या पायामागे आणलं, अंगठा खाली आहे ना ते बघितलं, श्वास सोडला आणि बोट दाबलं.

तार सुटली. मादी उधळली, शेपटी खाली दाबून धावली आणि कुंपणाशी पोचायच्या आत तिचे पुढचे पाय दुमडले. पडली. हलली नाही.

आणि मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. ऑर्लिनचं नाव असेल, नुसता आनंद असेल. एवढ्या आठवड्यांची शांतता त्या एका ओरडण्यात निघून गेली. शेतावरून तो आवाज घरापर्यंत गेला असावा, आणि पलीकडच्या घळीवरून परत आला.

परत आलेला आवाज विरला, तेव्हा माझ्या डोक्यावर फांदी कुरकुरली. एकदाच, लांब. अंथरुणात कुणी कूस बदलावी तशी.

मी वर बघितलं नाही.

क्रॉसबो दोरीला बांधून खाली सोडला. पट्टा सोडवला. शिडीकडे पाठ न करता, नीट एकेका पायरीवर पाऊल ठेवून उतरले. वरून सालीचे कपचे पडत होते, माझ्या हातांवर, बाह्यांवर. मी त्यांच्याकडे बघत उतरले. जमिनीवर आले, क्रॉसबो सोडवून घेतला आणि झाडाकडे पाठ करून चालायला लागले.

सूर्य झाडामागे टेकला होता. ओकची सावली माझ्या पुढे शेतावर पसरली होती, लांबच लांब, जवळजवळ आमच्या अंगणापर्यंत. माझी सावली तिच्यातच कुठेतरी विरघळलेली होती. मी चालत होते आणि सावलीच्या बुंध्यावरून वर वर जात होते. आडव्या पायऱ्या दिसल्या, एकेक. मग मचाणीच्या बैठकीची चौकट.

बैठक रिकामी नव्हती.

मी नुकतीच जिथून उठले होते, तिथे कुणीतरी बसलेलं होतं. गुडघे वर आलेले, त्या बैठकीला फार लांब असलेले. हात बाजूला लोंबत होते. मान छातीवर पडलेली, आगगाडीत झोप लागलेल्या माणसासारखी. मी उभी राहिले. पायाखाली एक धसकट मोडलं, कट् असा बारीक आवाज झाला.

त्या सावलीची मान छातीवरून उठायला लागली. घाई नव्हती तिला. उठली, सरळ झाली, मग हळूहळू एका बाजूला वळली. कुठला आवाज, कुठून आला, हे शोधल्यासारखी.

मी त्या सावलीतून बाहेर पडेपर्यंत चालत राहिले. धावले नाही. नंतर मादीपाशी गेले, तिच्या डोळ्याला काडी लावून ती मेल्याची खात्री केली, तिच्या पायांना दोर बांधला आणि तिला ओढत घरी नेलं. कारण मी तिला मारलं होतं, आणि मारलेलं तसंच टाकून जायचं नसतं.

७

गेलन आला, त्याने मादी शेडमध्ये टांगायला मदत केली. "पहिलंच?" तो म्हणाला. "आणि असा नेम? ऑर्लिन, आता तू कोंबड्या पाळ." ऑर्लिन काठी टेकत शेडच्या दारापर्यंत आला होता. जखम बघून त्याने मान डोलावली, मला जवळ ओढलं आणि एका हाताने जितकं आवळता येतं तितकं आवळलं. गेलन मचाण मागत होता, त्याच्या मुलीला शिकायचं होतं. "ती मोडलीय," मी म्हटलं. "पट्टे गेलेत. कुणी चढायचं नाही." मी इतकं तोडून बोलले, की तो हात पुसत निघाला.

घरात आल्यावर मी कण्यालगतचं मऊ मांस लोण्यात परतलं, वर कांदा घातला. घर वासाने भरून गेलं. ऑर्लिन हळूहळू जेवला, प्रत्येक घास चावून. मग म्हणाला, "तू ओरडलेलं मला इथे ऐकू आलं."

"आनंद झाला होता."

"दिसलं का तुला काही?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्याचा तो ओघळलेला ओठ, ताटातलं रक्ताळलेलं लोणी, आणि चेहऱ्यावरची ती उत्सुकता. खरं म्हणजे आशाच होती ती.

"नाही," मी म्हटलं. "काही नव्हतं."

त्याचे खांदे खाली आले. कितीतरी महिन्यांचं ओझं उतरल्यासारखा तो खुर्चीत मागे रेलला. "मग आता तुला सांगायला हरकत नाही," तो म्हणाला. "मी वर बघितलं ना, तेव्हा मला जे दिसलं, त्यात सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली असेल सांग?"

"कशाची?"

"त्याने मला काही केलं नाही, याची. त्याचे डोळे मिटलेले होते, आर्डिस. ते झोपलं होतं. हरणं तेवढंच बघून घेत होती. अजून झोपलंय ना. मग चरायची." तो हसला, स्वतःवरच, बरं वाटलेल्या माणसासारखा. "काय काय दिसतं माणसाला. नाही?"

"हो ना," मी म्हटलं.

मी उठले. खिडकीबाहेर शेत अजून पुरतं काळं झालं नव्हतं. पलीकडच्या कुंपणावर ओक उभा होता, आणि शेतात त्याच्या अलीकडे, अर्ध्या वाटेवर, हरणं आलेली होती. बरीच. एकही चरत नव्हतं. झाडाकडेही कुणाची मान नव्हती. सगळी आमच्या घराकडे बघत होती, जमिनीलगत, अंगणाच्या कडेला.

मी पडदा ओढला आणि त्याच्या ताटात अजून वाढलं.

"हळू बोल," मी म्हटलं. "आणि जेव."